दीड गाण्याचा बँड

पंक संगीताचं जन्मगाव म्हणून लोक लंडन-न्यूयॉर्कची नावं घेतात. पण त्या संगीताशी जन्मभर इमान राखलेला माणूस बघायचा असेल, तर लातूरला माझ्या साडूच्याच घरी जावं लागेल. साडू हे नातं पुढे बायकांमुळे जडलं. त्याआधी आम्ही नांदेडच्या कॉलेजात एका बाकावर बसत होतो आणि एका बँडमध्ये वाजवत होतो. त्या बँडबद्दल मी चाळीस वर्षं एक गोष्ट खोटी सांगत आलो आहे. ती आज दुरुस्त करणार आहे. पण आधी माणूस सांगतो, म्हणजे मी नुकसान कुणाचं केलं ते नीट कळेल.

आम्ही कॉलेजात असताना साडूच्या, हैदराबादला शिकणाऱ्या मामेभावानं एकदा एक कॅसेट आणून दिली. तिला ना कव्हर, ना नाव. आत परदेशातली पोरं जीव खाऊन ओरडत होती. तीन सूर, पळता ठेका आणि दोन मिनिटांत गाणं खलास. साडूनं पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाला, "यांनाबी आपल्यासारखंच धड वाजवता येत न्हाई. पण यांनी कुणाला परवानगी विचारलेली न्हाई." तेव्हापासून अडीच मिनिटांच्या वर जाणारी कोणतीही गोष्ट त्याला मिजास वाटते. समाचाराला गेला तरी तो अडीच मिनिटांत उठतो. एका मेहुण्याच्या सत्कारात वक्ता अर्धा तास बोलला, तेव्हा पहिल्या रांगेतून उठून यानं घड्याळ दाखवलं, "साहेब, एवढ्यात बारा गाणी झाली असती."

त्या पोरांच्या कपड्यांवर सेफ्टी पिना असतात हे त्यानं कुठल्याशा जुन्या मासिकात पाहिलं आणि तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशावर पिनांची रांग असते. तिकडे या पिनांनी म्हणे मोठमोठ्या लोकांची झोप उडवली. आमच्याकडे लग्नात नवरीच्या निऱ्या सुटल्या की बायका धावत याच्याकडे येतात. त्याला त्याचं वाईट वाटत नाही. "चार नवऱ्या माझ्या पिनेवर बोहल्यावर उभ्या राहिल्यात," असं तो अभिमानानं सांगतो.

आमच्या भागात हेळवी येतात. बैल घेऊन गावोगाव फिरतात आणि घराण्याच्या सात-सात पिढ्या वहीतून वाचून दाखवतात. साडूनं तशीच वही बँडांची केली आहे. मूळ पुरुष कोण, त्याला पोरं किती, कोण वेगळं निघालं, कोण कुणाला दत्तक गेलं. बँडांची नावं बरीच उशिरा, मोबाईल आल्यावर कळली. तोवर कॅसेटवरच्या जागेवरून 'दुसऱ्या बाजूचे पहिले' अशाच नोंदी होत्या. न्यू वेव्ह म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "पंकचीच लेकरं. शिकली, पेटी वाजवायला लागली, टाय लावून हाफिसात गेली. पण रक्त तेच हाय." आजच्या कुठल्याही गाण्यात घाईचा ठेका ऐकला की तो वही काढतो आणि ते पोरगं कुणाचं पणतू लागतं ते बोटानं दाखवतो. वरातीतला डीजेसुद्धा त्याच्या मते या घराण्याचा लांबचा भाऊबंद आहे, "फक्त वाया गेलेला."

नोकरी त्यानं औशाच्या बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून केली. तिथे माईक होता, पण यानं त्याला कधी हात लावला नाही. खिडकीतून मान बाहेर काढून नुसत्या घशानं "सोलापूर, बसा" असं ओरडायचा. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरचे सगळे प्लग दाबून बघतो. नातेवाईक हसतात. सासरे हयात असेपर्यंत लाईट गेली की म्हणायचे, "जावईबापू आले वाटतं." लातूरच्या सगळ्या भारनियमनाचं खापर आमच्या घरात याच्या डोक्यावर फुटलं. तोही हसायचा.

या सगळ्याचं मूळ कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आहे. साडू गाणार, मी गिटार धरणार, एक मित्र हलगी वाजवणार. मंडपवाल्याच्या भोंग्याला गिटार जोडायचं काम साडूनं दोन दिवस खपून केलं होतं. चार गाणी होती, सगळी त्यानंच लिहिलेली. पहिलं वसतिगृहाच्या पाण्यावर होतं, ते जोरात झालं. दुसरं हजेरी घेणाऱ्या मास्तरांवर होतं. ते अर्ध्यात आलं आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे वडील उठून उभे राहिले. ते त्याच कॉलेजात मास्तर होते. प्लगचा बोर्ड माझ्या पायाशी होता. मी चपलेच्या टोकानं प्लग काढला.

सगळं गप्प झालं. कुणी काही विचारायच्या आत साडू पुढे आला आणि घसा ताणून म्हणाला, "चूक माझी हाय. जोड ढिली राहिली." मी मान खाली घालून उभा राहिलो. तशीच चाळीस वर्षं घातली. बँड पुन्हा कधी उभा राहिला नाही.

गेल्या आठवड्यात लातूरची एक मुलगी नांदेडला माझ्याकडे आली. ती आणि तिच्या मैत्रिणी असलंच संगीत वाजवतात आणि मराठवाड्यातल्या जुन्या बँडांवर एक अंक काढताहेत. "काका, कार्यक्रम बंद का पडला?" तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "साडूच्या वायरिंगमुळे." तिनं ते लिहून घेतलं. अंक छापायला जाणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली बस धरून लातूर गाठलं.

साडू ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. "असा अचानक कसा काय यायलास?" तो म्हणाला. पाणीसुद्धा न घेता मी सगळं सांगितलं.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

"म्हणजे जोड ढिली नव्हती."

"नव्हती."

"चार स्क्रू होते. चारी आवळले होते मी." तो माझ्याकडे बघत नव्हता. "त्यातला कोणता राहिला आसंल म्हणून आजवर इचार करायलोय मी."

"एकही राहिला नव्हता."

मी तिथूनच त्या मुलीला फोन लावला आणि तो ऐकत असताना एकेक वाक्य लिहून घ्यायला लावलं. "काका, तुमचं नाव येईल हं," ती बिचकत म्हणाली. मी म्हणालो, "नाव आलंच पाहिजे. नाहीतर छापू नको."

फोन ठेवल्यावर साडू चिडेल, निदान शिव्या तरी देईल म्हणून मी थांबलो. त्यानं खिशावरची एक पिन काढून पुन्हा लावली. मग म्हणाला, "वाजवत राहिलो आसतो रं आपण. चांगलं न्हाई, पण राहिलो आसतो." आणि थोड्या वेळानं, "तिसरं गाणं काय होतं? माझंच हाय, पण त्या दिवसानंतर मी तोंडात आणलं न्हाई."

थोडं आठवतं असं म्हणायचा मला मोह झाला. त्याला बरं वाटलं असतं. पण आता खोटं बोलायचं नव्हतं.

"न्हाई आठवत," मी म्हणालो.

"मलाबी."

तो खुर्चीच्या हातावर बोटं वाजवू लागला. ठेका आमचाच होता, तसाच घाईचा. आम्ही दोघं वाट बघत बसलो. शब्द काही आले नाहीत.