दुसऱ्या दिवसाची मावशी

मावशीला कुठलाही पदार्थ पहिल्या दिवशी आवडत नसे. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलं की ती बीफचा चांगला मोठा रोस्ट करायची. मिरी, लवंग, दालचिनी आणि व्हिनेगरमध्ये आदल्या दिवशीच मुरवलेला, पांढऱ्या दोऱ्यानं आवळून बांधलेला. आम्ही जेवायला बसलो की तिचं लक्ष ताटांकडे नसायचं, टोपाकडे असायचं. कोणी तिसरा तुकडा उचलला की ती म्हणायची, "पोटाला तडस लागेल हां." काळजी पोटाची नव्हती. सोमवारच्या कटलेटांची होती.

ही माझ्या आईची चुलतबहीण. मूळची वसईची, पण काकांच्या शिपिंगच्या नोकरीपायी आखातात, अल कुसैसच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिचं अर्धं आयुष्य गेलं. मी व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आलो तेव्हा तिच्या हॉलमधल्या सोफ्यावर उतरलो. पुढे हमरिया फ्री झोनमध्ये काम मिळालं, पगार सुरू झाला, सेकंडहँड गाडी घेतली, तरी तो सोफा काही सुटला नाही. तेव्हा मी जे सांगतोय ते ऐकीव नाही, खाल्लेलं आहे. सोमवारी कटलेट, मंगळवारी चिली फ्राय, बुधवारी पोटॅटो चॉप, गुरुवारी खिमा भरून गुंडाळलेले पॅन रोल. शुक्रवारी पुलाव, त्यातलं बीफ शोधायला भिंग घेऊन बसावं लागे. शनिवारी सूप, ज्यातून तो रोस्ट नुसता फिरून गेलेला असायचा. वार कळायला त्या घरात कॅलेंडरची गरज नव्हती.

'शिळं' हा शब्द मात्र उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा उच्चारला. मावशीनं झारा खाली ठेवला आणि मला समोर बसवलं. "शिळं म्हणजे काय? जे काल होतं तसंच आज असतं ते. हे बघ, काल हा रोस्ट होता, आज कटलेट आहे. तू गेल्या महिन्यात बेकार होतास, आज नोकरीला आहेस. तुला कोणी शिळा म्हणतं का?" मी दोन कटलेट जास्त खाल्ले. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

माणसं अशा स्वभावाच्या मागे गरिबी शोधतात. लहानपणी उपास काढले असतील बिचारीनं, वगैरे. छे! तिच्या बापाची केळीची वाडी होती, घरात खायला उठणाऱ्या-बसणाऱ्यांची पंगत होती. तिचं म्हणणं साधं होतं. "जनावर आपल्यासाठी जिवानिशी गेलं. ते अर्धं कचऱ्याच्या पिशवीत घातलं तर अर्धं फुकट मेलं ना?" काका जेवताना टीव्हीवर बातम्या लावायचे आणि ताटात काय आहे ते बघायचंच टाळायचे.

त्यांची मुलगी शेरॉन मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली. आईनं मराठीत विचारायचं आणि हिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्या घराचा रिवाज. मावशी म्हणायची, "आज नवीन केलंय बघ." शेरॉन काट्यानं चॉप उलटा करून म्हणायची, "मम्मी, इट्स द सेम काऊ." वरच्या मजल्यावर पुण्याचं एक शाकाहारी कुटुंब होतं. त्यांच्यासाठी मावशी वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात बटाट्याचे कटलेट करून पाठवायची, आणि ते मात्र अगदी ताजे असायचे. शेरॉनच्या जिवाला ते फार लागायचं. "कॅन आय लिव्ह अपस्टेअर्स?" ती विचारायची. आणि वैतागली की तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आय विल मॅरी इन्टू अ हाउस व्हेअर दे थ्रो फूड."

देवानं ऐकलं. शेरॉनचं मेल्विनवर मन बसलं. मुलगा सोन्यासारखा, आपल्याच वसईकडचा, वडील रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. आणि मेल्विनची आई म्हणजे टापटिपीची मूर्ती. फोनवरच्या पहिल्याच बोलण्यात तिनं मावशीला सांगितलं, "आमच्याकडे रात्री झोपताना फ्रीज रिकामा असतो हो. सकाळी सगळं ताजं." मावशीनं फोन ठेवला आणि काकांना म्हणाली, "बाईच्या घरी फ्रीज कशाला ठेवलाय मग? कपाट ठेवा म्हणावं."

ते लोक रविवारी मुलगी मागायला येणार होते. मावशीनं कधी नव्हे एवढा मोठा रोस्ट केला. बारा वाजता फोन आला, मेल्विनच्या वडलांना कारखान्यात बोलावलंय, आम्ही बुधवारी येतो. शेरॉन म्हणाली, "मम्मी, बुधवारी फ्रेश करायचं. प्लीज." काका म्हणाले, "आणू या ना नवीन." मीही म्हणालो. मावशी तिघांकडे बघून म्हणाली, "हा त्यांच्या नावानं केलाय. तो टाकून दुसरा करू? यायचं त्यांनी बदललं, रोस्टनं नाही."

बुधवारी संध्याकाळी टेबलावर जे मांडलं होतं त्याची तारीफ करायलाच हवी. कटलेट, चॉप, पॅन रोल, चिली फ्राय, पुलाव. एकाच रोस्टची एवढी सोंगं एका टेबलावर आम्हीही कधी बघितली नव्हती. मेल्विनचे वडील खूश होऊन वाढून घेत होते. त्याची आईसुद्धा म्हणाली, "एवढं सगळं एकटीनं केलंत?" मावशी लाजली. मग त्या बाईंनी कटलेट तोडला, एक घास चावला आणि थांबल्या. तोंडातून त्यांनी हळूच एक पांढरा दोरा ओढून काढला. चांगला बोटभर लांब.

बाईंनी तो दोरा ताटाच्या कडेला ठेवला. "कटलेटला कोणी दोरा बांधत नाही," त्या म्हणाल्या. "हा रोस्टचा आहे. कधीचा रोस्ट?"

मावशीला खोटं बोलता येत नसे. "रविवारचा," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. "तुमच्यासाठीच केला होता. तुम्ही आला नाहीत."

"म्हणजे सोयरीक जुळवायला आलेल्या माणसांना तुम्ही शिळं वाढलंत." बाईंनी पर्स उचलली. मेल्विन बिचारा उभा राहून एकदा आईकडे, एकदा शेरॉनकडे बघत राहिला. त्याच्या वडलांनी जाता जाता एक पॅन रोल उचलला, पण त्याला कोणी मान्यता समजलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस त्या घरात राहण्यापेक्षा लेबर कॅम्प बरा, असं मला झालं होतं. रास अल खैमाहून फोन नाही. मेल्विन शेरॉनला मेसेज करायचा, "मॉम इज स्टिल अपसेट." शेरॉन खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा मात्र दार उघडून ती आईला म्हणाली, "फॉर वन काऊ, मम्मी! यू लॉस्ट हिम फॉर मी फॉर वन काऊ!" त्या रविवारी रोस्ट झाला नाही. डाळभात झाला, आणि तो आम्ही सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ला.

शनिवारी सकाळी मावशी मला म्हणाली, "गाडी काढ. रास अल खैमाला जायचंय. शेरॉनलाही उठव." वाटेत तिनं खाटकाकडे थांबायला लावलं. तो पेशावरचा, तिला वर्षानुवर्षं ओळखणारा. बीफ बांधता बांधता त्यानं विचारलं, "आंटी, पिछला वाला खलास?" मावशी त्याच्यावर अशी डाफरली की त्यानं वजनापेक्षा जास्त दिलं.

मेल्विनच्या आईनं दार उघडलं तर समोर मावशी, हातात कच्च्या बीफची पिशवी. "चूक झाली माझी," मावशी म्हणाली. "तुमच्या किचनमध्ये, तुमच्यासमोर करून वाढते. ताजं. मग काय ते ठरवा." अशा माणसाला दारातून परत कसं पाठवणार? त्या घरच्या टोपावर अजून दुकानाचं स्टिकर होतं, ते मावशीनं नखानं खरवडून काढलं. मुरवायला वेळ नव्हता म्हणून ती मंद आचेपाशी तासन् तास उभी राहिली. जेवण झालं. मेल्विनचे वडील तीनदा वाढून घेऊन म्हणाले, "माझ्या आईची आठवण झाली." मेल्विनच्या आईनंही हात धुता धुता म्हटलं, "ताजं ते ताजं, नाही का? झालं गेलं सोडून द्या."

आणि बोलता बोलता त्यांनी कचऱ्याची काळी पिशवी उघडली, उरलेला अर्धा रोस्ट रश्श्यासकट उचलला.

मी मावशीकडे बघत होतो. तिचा हात पुढे झाला, अर्ध्यावर आला, आणि तिनं तो परत मांडीवर नेऊन दुसऱ्या हातानं धरून ठेवला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "माणसानं ताजंच खावं." मावशीला मी खोटं बोलताना प्रथमच ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तिची टिंगल केली, पण तिला असं हरलेलं बघायचं नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शेरॉन उठली आणि होणाऱ्या सासूच्या हातातलं भांडं तिनं दोन्ही हातांनी धरलं. "नको, आंटी. टाकू नको. मला पाहिजे." मराठीत. मोडकंतोडकं, पण मराठीत.

"कशाला?" बाई म्हणाल्या.

"उद्या."

मला वाटलं, दुसऱ्यांदा मोडलं. मेल्विनच्या वडलांना हसू आवरेना. "यल्ला, चल, दे तिला," ते म्हणाले. त्यांच्या बायकोला हसू आलं नव्हतं. ती कपाटाशी गेली, एक कोरा करकरीत डबा काढला, रोस्ट त्यात भरला, झाकण दाबलं आणि शेरॉनच्या हातात दिला. "पुढच्या रविवारी आणून दे," ती म्हणाली. "आणि रिकामा आणू नको."

असं ते लग्न ठरलं.

परतीच्या वाटेवर मावशीनं शेरॉनला जे फैलावर घेतलं ते उम्म अल कुवैन येईपर्यंत थांबली नाही. सासूच्या हातातलं भांडं ओढतात का, एवढी अक्कल नाही का, जुळलेलं परत मोडलं असतं तर कोणाच्या गळ्यात पडली असतीस? डबा मावशीच्याच मांडीवर होता. मग मध्येच ती रडायला लागली. "माझ्यासाठी एवढं करायचं नव्हतं ग."

"तुझ्यासाठी नाही, मम्मी," शेरॉन मागच्या सीटवरून म्हणाली. "मला कटलेट आवडतात."

मावशीनं ओढणीनं नाक पुसलं आणि मागे वळून बघितलं. "मग इतकी वर्षं तोंड कशाला वाकडं करत होतीस, गाढवे?"