राखेने तुंबलेली मोरी

कोपरगावला आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या, नव्वदनंतरची गोष्ट. घरमालकिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मोरीत राख गेली तर खोली खाली करायची."

नवरा साखर कारखान्यात हंगामी कामगार. चुलीत उसाचं चिपाड जळायचं. त्या राखेने भांडी लख्ख निघत, आणि पावडर विकत आणायचं माझ्या जिवावर येई. म्हणून मालकीण लेकीकडे संगमनेरला गेली की मी खुशाल राखेने घासायची.

एकदा ती अशीच गेली असताना, चौथ्या दिवशी मोरीचं पाणी चढून चुलीपर्यंत आलं. ती संध्याकाळच्या एसटीने परत येणार होती. हंगाम भरात होता, गावात दुसरी खोली मिळाली नसती.

मोरी काढणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "चाळीस रुपये पडतील, वहिनी."

"चाळीस? इहीर खांदायची हाय का?"

त्याला घालवून दिला आणि स्वतःच बांबूची कामटी आत सारली. अर्धी हातात राहिली, अर्धी आत मोडली.

मग भर उन्हात त्याला शोधत फिरले. चहाच्या टपरीवर सापडला. कामटी मोडल्याचं सांगितलं.

"आता साठ," तो म्हणाला. "कामटी तुमी घातली, फरशी मला उचलावी लागंल."

हो म्हटलं. दुसरं काय करणार?

फरशीखाली राख सिमेंटसारखी बसली होती. तो पहारीने फोडत होता आणि मी सारखी रस्त्यावर जाऊन बघत होते. शेवटी पाणी सुटलं. फरशी परत बसवताना मात्र तिचा कोपरा उडाला.

तो पैसे घेऊन बाहेर पडला आणि मालकीण पिशवी घेऊन आत आली. थेट मोरीपाशी.

"राख मीच घातली," मी म्हणाले. "खोली कधी सोडायची ते सांगा."

ती वाकून कोपरा बघत राहिली. मग म्हणाली, "किती घेतले त्यानं?"

"साठ."

"लुटलं की तुला! मी राख घातली हुती तवा पन्नासच घेतले हुते."

मला हसू आलं नाही. पुढे काय बोलते, तिकडेच कान होते.

"फरशीचे पैसे भाड्यात धरीन," ती म्हणाली. "आन् उद्यापासून राख उकिरड्यावर."

खोली राहिली. भांडी मी परसात घासू लागले. राखेनेच.