जमिनीखालचं फुलांचं दुकान

तुलूझ शहरात मेट्रोचे दोन मार्ग जिथे एकमेकांना मिळतात, तिथे जमिनीखाली, सरकत्या जिन्यांच्या मधल्या कोपऱ्यात मायतेचं फुलांचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतला कोनाडाच. समोरून दिवसभर माणसांचा लोंढा वाहायचा. या गाडीतून उतरून त्या गाडीकडे धावणारा. बोगद्यातून गरम वाऱ्याचा झोत आला की ट्यूलिप माना टाकायचे.

मायते पिरेनीजच्या डोंगरातली. हिवाळ्यात ती अंधारात खाली उतरायची आणि अंधारातच वर यायची. बाहेर पाऊस आहे का, हे तिला गिऱ्हाइकांच्या छत्र्यांवरून कळायचं.

तिचा नवरा रेमों मात्र पहाटे गाडी काढून फुलांच्या घाऊक बाजारात जायचा, दोस्तांबरोबर कॉफी ढोसायचा, माल खाली टाकला की पुन्हा वर पसार. "तुझं काय, बसून काम. धावपळ माझ्या नशिबी," असं वर ऐकवायचा.

जागेचा करार त्या वसंतात संपणार होता. मग दुकान बंद करून मायतेच्या गावी जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. तिने माहेरच्या घराच्या खिडक्या रंगवूनही घेतल्या होत्या.

एके दुपारी रेमों शॅम्पेनची बाटली नाचवत आला. रोजच्या गिऱ्हाईक मादाम पुजोल दुकानासमोर उभ्या होत्या.

"या, तुम्हीपण घ्या घोटभर! नवा करार झाला. आणखी नऊ वर्षं जागा आपलीच!"

मायतेची कात्री देठावरच थांबली. "सही केलीस?"

"मग! दुसरा एक जण टपूनच बसला होता. म्हटलं, तुला सांगून कशाला, एकदम चकित करू."

"आणि गाव?"

"गाव कुठे पळून जातंय?"

मादाम पुजोलनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमचं अभिनंदन करू की सांत्वन?"

मायतेने अर्धवट राहिलेला देठ कापून टाकला. पण त्या संध्याकाळी तिला कोनाड्याच्या तिन्ही भिंती अंगावर आल्या. श्वास घ्यायला ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, तर वरून आलेल्या गर्दीने तिला पुन्हा आत ढकललं.

दुसऱ्या दिवशी रेमोंला जाग आली तेव्हा मायते कोट घालून दारात उभी होती. गाडीची किल्ली तिच्या मुठीत.

"कुठे निघालीस?"

"बाजारात."

"आणि दुकान?"

"सही ज्याची, तो बसेल."

"अगं, मला गुदमरतं तिथे!"

"मग मी काय इतकी वर्षं हवा खात बसले होते?"

कित्येक वर्षांनी ती गाडी चालवत होती. सिग्नलला दोनदा गाडी बंद पडली, मागच्यांनी भोंगे वाजवून शिव्या घातल्या. बाजारात तिला कोणी ओळखलंही नाही. पण उजाडताना ती आकाशाखाली उभी होती. तिने भान विसरून पिवळ्याधमक मिमोझाच्या फुलांचे भारेच्या भारे उचलले.

"हे काय आणलंस? दोन तासांत वाळतील खाली!" रेमों ओरडला.

"सांभाळ मग," म्हणून ती जिना चढून गेली.

आठवड्याभरात रेमोंचा चेहरा उतरला. डोकं ठणकायला लागलं, बोलणं तुटक झालं. शेवटी तो करार मोडता येतो का विचारायला गेला आणि पडलेल्या तोंडाने परत आला.

"पहिली तीन वर्षं तरी करार मोडू देत नाहीत," तो म्हणाला. "चुकलं माझं, मायते."

तिला राग यायला हवा होता. पण ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. तो शेजारी नुसता बसून राहिला.

आता दोघं एकेक आठवडा आळीपाळीने खाली बसतात. तिची पाळी आली की आदल्या रात्री तिला झोप लागत नाही, आणि त्याची आली की त्याला.

"सुधारला का हो नवरा?" मादाम पुजोलनी परवा विचारलं.

"सुधारतोय कुठला! तोही अडकला, एवढंच," मायते म्हणाली. मग गुलाबांना कागद गुंडाळून तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.