तांब्यावरचं नाव

नाववाले काका भांड्यांवर आद्याक्षरं घालत नसत. कसबा पेठेत भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत, एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं आणि टेबलावर नावं कोरायचं गुरगुरणारं मशीन. "नुसतं एस. के. घाला," असं कुणी म्हटलं की काका मशीन बंद करत. "अहो, बाई आहेत की गाडीचा नंबर?" गिऱ्हाईक फणकारून निघून गेलं तरी त्यांना काही वाटत नसे.

कॉलेजात असताना मी डबा घेऊन गेले आणि "फक्त व्ही घाला" म्हणाले. आजीचं नाव माझ्या गळ्यात पडलं होतं, वत्सला, आणि वर्गात त्यावरून माझी यथेच्छ टिंगल चालायची. काका भडकले. "वत्स म्हणजे वासरू. सरळ संस्कृतातून आलेलं नाव आहे. वासराला चाटताना गाईला जो उमाळा येतो, तो जिच्या अंगी आहे ती वत्सला. एवढं सगळं तू एका इंग्रजी अक्षरात कोंबणार? जा, मंडईत चक्कर मारून ये, तोवर विचार कर." मी मंडईत गेलेच नाही, पण डब्यावर पूर्ण नाव घेऊन घरी आले.

कुठलं नाव कधी चालत होतं हे त्यांना तोंडपाठ होतं. "एके काळी दुपारभरात तीन-तीन वत्सला यायच्या," ते सांगत. "लग्नसराईत हात भरून यायचे. आता येतात त्या मोडीच्या गोणीतून." आजीच्या नावाची पातेली मोडीत घालणाऱ्या नातवंडांवर त्यांचा भारी राग. एकदा एक तरुण बाप बारशाच्या वाटीवर 'आयरा' घालून घ्यायला आला. काकांनी अर्थ विचारला. "नेटवर सरस्वती असं दिलंय." "सरस्वतीला विचारलंत?" काका म्हणाले, पण नाव मात्र सुरेख वळणदार घालून दिलं. पोरीचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या लग्नाची भांडी घेऊन आई आणि मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा होणाऱ्या सासूबाई बिबवेवाडीहून मुद्दाम आल्या होत्या. "वत्सला फार जुनाट वाटतं हो. आम्ही वेदिका ठरवलंय. तेच घाला," त्या म्हणाल्या. आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घाला. एवढ्यातेवढ्यावरून वाद नको." ज्या नावाला मी जन्मभर नाकं मुरडली, ते दुसऱ्या कुणी असं परस्पर टाकून दिलेलं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी पिशवीतून भांडी काढून टेबलावर मांडत राहिले.

काकांनी मशीन बंद केलं. "हिला विचारलंत?" मग ते माझ्याकडे वळले. "काय गं, तुझं नाव काय?"

"वत्सला."

"मोठ्यानं बोल. मशीनचा आवाज आहे."

मशीन बंद होतं. मी ओरडलेच. समोरच्या दुकानातले लोक वळून बघायला लागले. काकांनी पाचही भांड्यांवर वत्सला घातलं आणि सासूबाईंना म्हणाले, "वेदिका आवडत असेल तर आपल्या स्वतःच्या डब्यावर घालून देतो."

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं मुकाट्यानं वत्सलाच लिहिलं. सासूबाईंचा अबोला वर्षभर टिकला. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

काका गेल्या वर्षी गेले. मी तेव्हा पुण्यात नव्हते. परवा त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं, सुनंदाकाकूंनी, पाणी आणून ठेवलं. पितळी तांब्यावर काकांच्या वळणाचं 'सुनंदा' होतं. त्याच्या वर आणखी एक नाव होतं, आडव्या रेघा मारून खोडलेलं. रेघांखालून 'वत्सला' स्पष्ट वाचता येत होतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"मीच," काकू म्हणाल्या. "माहेरचा तांब्या. लग्नानंतर आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं आणि ह्यांनी खोडलं. मी समोर बसले होते. मला कुणी विचारलं नाही."

मला इतका संताप आला की मी पाणी न पिताच खाली ठेवलं. अख्ख्या पेठेला नावांवरून सुनावणारा हा माणूस! माझ्यासाठी माझ्या सासूशी भांडला, आणि स्वतःच्या आईपुढे मान खाली घालून हेच केलं. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, मी रागावले. तो रागही त्यांनीच शिकवलेला होता.

"नंतर कधी काही बोलले नाहीत?"

"बोलायचे की. दर दिवाळीला भांडी घासायला काढली की म्हणायचे, दे इकडे, रेघा घासून काढतो, पुन्हा नीट घालून देतो. मी नाही दिला. म्हटलं, असू दे. रोज जेवताना ह्याच तांब्यातून पाणी घ्या."

निघताना मी म्हटलं, "येते हं, वत्सलाकाकू."

त्या दारात थबकल्या. "मोठ्यानं म्हण," म्हणाल्या.