शेवंताबाई फोन बंद का ठेवायच्या

"मॅडम, तुमच्या त्या आजींचा फोन आजही बंद आहे. सोमवारी पोरीला खालच्या बॅचला टाकतो. मग मला बोलायचं नाही."

क्लासचे सर एवढं बोलून मोकळे झाले. 'तुमच्या' आजी म्हणे! माझ्या कोण लागतात त्या? पण सपोर्टचं काम असंच असतं. ज्याला फोन वापरता येत नाही, तो माझा नातेवाईक.

मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं आणि नांदेडच्या एका कंपनीत लागले. आम्ही कोचिंग क्लासेससाठी अ‍ॅप बनवतो. ऑफिस नांदेडला, गिऱ्हाईक लातूरला, आणि मधे शिव्या खायला मी. लातूरला क्लासच्या पोरांना स्वतःचा फोन ठेवू देत नाहीत. सगळे मेसेज पालकांच्या फोनवर जातात. आता हे पालक म्हणजे कोण? आमच्या साहेबांच्या डोळ्यांसमोर चष्मा लावून लॅपटॉपवर बसलेला बाप. प्रत्यक्षात खेड्यातली माणसं लातुरात एक खोली भाड्याने घेतात आणि स्वयंपाकाला आजीला पाठवतात. आईबाप शेताला नाहीतर नोकरीला. म्हणजे आमचं 'पालक अ‍ॅप' निम्म्या घरांत आजी चालवते. हे मी साहेबांना सांगून सांगून थकले.

त्या अ‍ॅपमध्ये 'पहाट अलर्ट' नावाची एक सोय आहे. पहाटे चारला पालकाचा फोन जोरात व्हायब्रेट होतो, म्हणजे गाणं न वाजता नुसता थरथरतो. पालकाने पोराला उठवायचं, अभ्यासाला बसवायचं आणि हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं नाही की क्लासकडे शेरा जातो. शेरे साचले की पोरगं खालच्या बॅचमध्ये. परीक्षा तोंडावर असताना खालची बॅच म्हणजे वर्ष वाया गेल्यातच जमा.

त्या आजी म्हणजे शेवंताबाई, औसा तालुक्यातल्या. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं त्यांचं गाव. नात प्राजक्ता, पहिल्या बॅचमधली, हुशार पोर. आजींचा फोन मात्र रात्री जेवणं झाली की बंद, तो दिवस चांगला वर येईपर्यंत बंद.

पहिल्यांदा गेले तेव्हा अक्षरं मोठी करून दिली. दुसऱ्यांदा सगळं मराठीत केलं आणि स्क्रीनवर नको ते सगळं काढून एकच बटण ठेवलं. आजींनी माझ्यासमोर ते बरोबर दाबून दाखवलं. वर चहा पाजला. दुसऱ्या दिवशी फोन बंद. मी विचारलं तर एकच उत्तर, "मला न्हाई जमत बाई." अहो, आत्ता तर जमलं! माझं डोकंच फिरलं. प्राजक्ता रडकुंडीला आली होती. तिचे बाबा म्हणत होते की आजीला गावी आणतो, तू मेसला जेव. आजी हे ऐकून नुसत्या भाकरी थापत राहिल्या.

सरांचा तो फोन आला आणि मी तिसऱ्यांदा गेले, ती तणतणतच. प्राजक्ता क्लासला गेली होती. खोलीत मोकळा प्लग एकच, भांड्यांच्या मांडणीपाशी. त्यामुळे फोन मांडणीवर, स्टीलच्या ताटांना टेकून चार्जिंगला लावलेला. मी खाली बसकर टाकून बसले, लॅपटॉप उघडला, म्हटलं आजी, आता मी अलर्ट पाठवते, तुम्ही नुसतं बघा. आणि पाठवला.

फोन थरथरला. सगळी ताटं, वाट्या, पेले खणखणायला लागले. काय होतंय ते कळायच्या आत आजींनी माझं मनगट धरलं होतं. सत्तरीची बाई, पण अशी ओढली मला की लॅपटॉप मांडीवरून पडला. आम्ही थेट उंबऱ्याबाहेर, गल्लीत. आजींच्या हाताचं पीठ माझ्या मनगटाला लागलं होतं. घरमालकीण गच्चीवरून बघून हसली. "पुन्हा आला का उंदीर, आजी?"

आजींनी माझा हात सोडला. घरात येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "भूकंपाच्या रात्री बी आधी मांडणीच वाजली बाई. मला वाटलं मांजर हाय. म्या कूस बदलली. धाकटा माझ्याच कुशीत हुता."

मग फोनचं सांगितलं.

अ‍ॅप चालू झालं त्या पहिल्याच पहाटे त्यांनी प्राजक्ताला अशीच ओढून गल्लीत आणली होती. पोर थंडीत कुडकुडत उभी आणि गल्ली हसतेय. पोरीला त्यांनी उंदीर दिसला म्हणून सांगितलं. खरं सांगितलं तर म्हातारीला वेड लागलं म्हणून गावी नेतील, आणि मग लेकराच्या पोटाचं कोण बघणार? त्यापेक्षा फोन वापरता येत नाही म्हटलेलं बरं.

मी सेटिंगमध्ये जाऊन व्हायब्रेशन बंद केलं. पण साहेबांनी मोठ्या हौसेने अशी करामत केलेली की आमचा अलर्ट फोनच्या कुठल्याही सेटिंगला जुमानत नाही. लावला नांदेडला फोन. साहेब म्हणाले, एका म्हातारीसाठी अपडेट काढायचं? व्हायब्रेशन हीच तर आपली खासियत. माणूस खडबडून उठला पाहिजे.

"साहेब, भूकंप पहाटे चारच्याच सुमाराला झाला होता. लातूरच्या माणसाला त्या वेळी खडबडून उठवायचं नसतं," मी म्हटलं. तर म्हणे क्लासवाल्यांनी मागणी केली तर बघू.

तशीच क्लासला गेले. सरांना सगळं सांगितलं. सर स्वतः निलंग्याकडचे, भूकंपाच्या वेळी शाळकरी पोर. ते हसले. एवढी वर्षं झाली मॅडम, म्हणाले, आम्ही नाही का सावरलो? टेबलावर चहाचा स्टीलचा ट्रे होता, त्यात रिकामे ग्लास. मी विचारलं, यावर फोन ठेवून अलर्ट पाठवू का? ठेवा की, म्हणाले. पाठवते हं, असं सांगून मी पाठवला.

ग्लास किणकिणले. सर केबिनच्या दारात होते. एक हात चौकटीवर, एक पाय बाहेर. मी आधी सांगितलं होतं, त्यांना पक्कं माहीत होतं, तरीही.

ते परत येऊन बसले. ट्रे उचलून खाली ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी नांदेडला फोन लावला आणि साहेबांना म्हणाले, "ते थरथरणं आजच्या आज बंद करा. सगळ्यांचं." आणि ठेवला. प्राजक्ताच्या बॅचचा विषय मी काढायच्या आधी त्यांनीच सांगितलं, राहू द्या तिथंच.

दोन दिवसांत अपडेट निघालं. आता पहाटे मंद घंटी वाजते, आणि नको असेल तर तीही बंद करता येते. साहेबांनी जाहिरातीत 'ज्येष्ठांसाठी खास' असं छापून घेतलं. कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मी काय करणार?

मी आजींकडे जाऊन घंटीचा आवाज ऐकवला. म्हटलं, फार हळू वाजते, जाग येईल ना तुम्हाला? वाढवून देऊ?

आजी म्हणाल्या, "त्या वक्ताला मी झोपलेली असते कुठं बाई? तवापासनं रोज जागीच असते."

पोरांना उठवायला अ‍ॅप बनवलं होतं आम्ही. ज्या घरात त्याची मुळीच गरज नव्हती, तिथे तीनदा जाऊन मी ते शिकवत होते. आता नव्या घरी गेले की फोन हातात घ्यायच्या आधी विचारते, बंद का ठेवता? बहुतेक वेळा चार्जर बिघडलेला असतो. तरी विचारते.