सहाव्याआधी सातवा

बाइंडिंगखान्यातल्या दादाने धाकट्या मावसभावाच्या पहिल्यावहिल्या कादंबरीत सातवा फर्मा सहाव्याच्या आधी शिवला. सोळा-सोळा पानांचे दोन गठ्ठे उलटे बसले, आणि नायक आधी मेला, मग लग्नाला उभा राहिला. ते ध्यानात येईतो पाचशे प्रती बाहेर गेल्या होत्या. चुकून झालं की जळून, हे दादालाही धड सांगता आलं नसतं. त्याची स्वतःची कादंबरी बारा वर्षं चाळिसाव्या पानावर ठाण मांडून होती, आणि कालचं हे शेंबडं पोर लेखक झालं होतं.

आता लोक पोराची पिसं काढणार, म्हणून दादा मनातून सुखावला. पण वाचक म्हणाले, "मरण आधी कळल्यामुळे लग्न वाचताना रडू येतं." दादाच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या आवृत्तीचे छापील कागद घेऊन भाऊ आला, तेव्हा दादाने सुईत दोरा ओवत मान वर न करता विचारलं, "या वेळी क्रमाने लावू ना?"

"नको दादा. मी लिहिलं त्यापेक्षा तू शिवलंस तेच बरं निघालं. तुझी कधी शिवतोस?"

अशा माणसावर धड जळताही येत नाही. दादाने सातवा फर्मा नीट बघून सहाव्याआधी ठेवला. माफी मागायची तेवढी राहिली, ती अजून राहिलीच आहे.