एका ओळीतली गाणी
आज ऑफिसात एक फाईल उघडली आणि सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून आल्या, तेव्हा भोरचे मामा आठवले. मामी गेल्यावर त्यांनी तिची भातलावणीची गाणी टाईप केली होती. मी ती माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तपासून परत पाठवली, तर त्यांच्या जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये सगळी गाणी एकाच लांबलचक ओळीत उघडली, कारण ओळ संपल्याची खूण दोन्हीकडं वेगळी असते. "अरं, म्या काय चुकीचं दाबलं का?" त्यांनी घाबरून फोनवर विचारलं. "नाही मामा, एक सेटिंग बदलायचंय. रविवारी येतो," मी म्हणालो, आणि चार रविवार गेलोच नाही. पाचव्या आठवड्यात मामा गेले. दहाव्यानंतर मी त्यांचा कॉम्प्युटर लावला. त्यांनी आठवून आठवून, एंटर दाबून एकेक ओळ सुटी केली होती. शेवटची दोन गाणी तेवढी राहिली होती. "रोज दुपारी बसायचे," मामेबहीण म्हणाली. "तुला फोन लावू का म्हनलं, तर म्हनले, नको, त्याला लई काम असतं." ती दोन गाणी मी सेटिंग बदलून अर्ध्या मिनिटात नीट केली. "लई अवघड व्हतं का रं दादा?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही.